उष्टे, उरलेले आणि ओला कचरा

मराठी विभागाची सहल कुठे जाणार, हे महाविद्यालयांतून जवळजवळ ठरलेले असते. आळंदी-देहू, एखाद्या दिवंगत साहित्यिकाचे स्मारक, फार तर जुने ग्रंथसंग्रहालय. गेल्या वर्षी पाऊस ओसरत असताना आम्ही तिघे अध्यापक पदवीच्या दुसऱ्या वर्षातील पंचवीस-तीस विद्यार्थी घेऊन पुण्यातील एका अन्नकचऱ्याच्या प्रकल्पावर गेलो, तेव्हा स्टाफरूममध्ये साहजिकच विनोद झाले. 'साहित्यातला कचरा संपला का?' हा त्यांपैकी सौम्य विनोद.

खरे कारण अगदीच गद्य होते. भाषा घेणारे विद्यार्थी कमी झाले की कार्यभार भरत नाही आणि तो भरून काढण्यासाठी पर्यावरण अभ्यासाचे तास मराठीच्या अध्यापकांकडे येतात. त्या विषयात क्षेत्रभेट सक्तीची असते. गेली काही वर्षे आम्ही ती एखाद्या उद्यानात उरकत होतो. या वेळी विद्यार्थ्यांनीच आग्रह धरला की, कचरा जातो कुठे, ते बघू. आम्ही होकार दिला. तो देताना या भेटीतून आमच्याच विषयाचा एक धडा आम्हाला नव्याने शिकावा लागणार आहे, याची कल्पना नव्हती. प्रस्तुत लेख त्या धड्याविषयी आहे.

प्रकल्प लहानसा होता. दिवसाला पाच टन अन्नकचरा पचवण्याची त्याची क्षमता. मुख्यतः उपाहारगृहे, खानावळी, वसतिगृहे आणि मंगल कार्यालये येथून आलेला माल तेथे उतरतो. फाटकाशी दुर्गंधीचा भपकारा येईल, अशा तयारीने आम्ही गेलो होतो. प्रत्यक्षात आला तो आंबूस वास. चार दिवस विसरलेल्या इडलीच्या पिठाचा असतो तसा. तरीही आमचे रुमाल नाकाला गेलेच. विद्यार्थ्यांनी आमच्याकडे पाहून ओढण्या आणि रुमाल वर घेतले. वर्गात आम्ही जे शिकवतो, ते त्यांनी इतक्या तत्परतेने उचललेले आम्ही कधी पाहिले नव्हते.

तेथील कारभार पाहणाऱ्या तरुण अभियंत्याने सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. गाडी एका फरशीवर रिकामी होते. तेथे प्लास्टिक, काच, धातू, हाडे, करवंट्या, आंब्याच्या कोयी हाताने वेगळ्या काढल्या जातात. उरलेले अन्न दळणयंत्रात जाते आणि पाण्याबरोबर त्याचा डोशाच्या पिठासारखा रबडा होतो. हा रबडा आधी एका टाकीत हवेच्या सान्निध्यात आणि उष्णतेत ठेवतात; तेथे जीवाणू त्याचे रेणू फोडून त्याला हलके करतात. मग तो हवाबंद टाकीत जातो. तेथे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्यापासून मिथेन बनवतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी जी पद्धत विकसित केली, तिच्यातही हेच दोन टप्पे आहेत. तिचे नाव 'निसर्गऋण'. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या भाषेत एका शास्त्रज्ञाने चौथ्या ऋणाची भर घातली, याचे आम्हा भाषेच्या माणसांना कौतुक वाटले.

टाकीतून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा थोडा हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा वायू इंजिनाला गंज आणतो, म्हणून तो आधी काढून टाकावा लागतो. एक घनमीटर जैववायू जवळपास अर्धा किलो एलपीजीचे काम करतो. या प्रकल्पात त्या वायूवर जनित्र चालवून रस्त्यावरचे दिवे लावले जातात आणि टाकीतून बाहेर पडणारा गाळ वाळवून खत म्हणून देतात. "सण-लग्नसराईत जपावं लागतं," असे तेथील एक अनुभवी कामगार म्हणाला. "एकदम जास्त घातलं, गोडधोड जास्त आलं की हिचं पण पोट बिघडतं. आंबट होतं आतमधी. मग दोन दिवस लंघन." आम्हाला हे अलंकारिक बोलणे वाटले. अभियंत्याने सांगितले की ते शब्दशः खरे आहे: आम्ल तयार करणारे जीवाणू वेगाने वाढतात, मिथेन करणारे मागे पडतात आणि टाकीचे पचन थांबते.

पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या विचाराची येथे आठवण होते. इरावतीबाईंचे हे वैज्ञानिक पुत्र. स्वयंपाकघरातील कचऱ्यावर चालणाऱ्या घरगुती बायोगॅस संयंत्रासाठी त्यांच्या संस्थेला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांचा मुद्दा साधा होता. आपण पिढ्यान्‌पिढ्या गोबरगॅसमध्ये शेण घालत आलो. पण शेण म्हणजे गाईने पचवून टाकलेला भाग. वायू तयार करणारे जीवाणू जनावराच्या पोटातले. शेणापेक्षा शेणाआधीचे अन्न त्यांना अधिक मानवते. म्हणजे भात, पीठ, साखर, जे आपण खातो तेच. हे वाचताना शास्त्र म्हणून सोपे वाटते. टाकीशेजारी उभे राहिल्यावर त्याचा दुसरा अर्थ लक्षात येतो. ती टाकी उत्तम चालते, कारण तिला उत्तम अन्न मिळते. त्या फरशीवर आम्ही न फुटलेल्या पोळ्यांच्या चवडी पाहिल्या, जिलब्या पाहिल्या, वाटीच्या आकारात थिजलेला आणि चमचाही न लागलेला भात पाहिला.

येथवर सारे एखाद्या नेहमीच्या क्षेत्रभेटीच्या अहवालासारखे आहे. पुढच्या दोन गोष्टी मात्र अहवालात लिहिता आल्या नाहीत.

पहिली गोष्ट अशी. फरशीवर चार बायका बसून निवडत होत्या. त्यांच्यापैकी वयस्क मावशींनी ढिगातून एक निळी नाडी ओढली. नाडीला प्लास्टिकच्या आवरणातले ओळखपत्र. मग दुसरे, मग तिसरे. श्रीखंडाने माखलेल्या त्या ओळखपत्रांवर 'प्रतिनिधी' असे छापलेले आणि त्याखाली आमच्याच महाविद्यालयाचे नाव. तीन दिवसांपूर्वी आमच्या विभागाने राज्यस्तरीय चर्चासत्र घेतले होते. भोजनानंतर प्रतिनिधींनी ताटात ओळखपत्रे टाकली, ताटे टोपलीत टाकली आणि टोपली येथवर पोचली. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की, नाडी दळणयंत्राच्या दांड्याला गुंडाळते, मग यंत्र बंद करून आत हात घालून ती कापावी लागते. आमच्यापैकी एकीने ती ओळखपत्रे मागून घेतली. "घ्या की, तुमचीच हायेत," मावशी म्हणाल्या. त्यांना ती आमची आहेत हे वाचून कळले नव्हते. आमच्या चेहऱ्यावरून कळले होते.

दुसरी गोष्ट. विद्यार्थ्यांना आम्ही एक कामगिरी दिली होती: समोरच्या ढिगाला कोण कोण काय काय म्हणते, ते टिपा. भाषेचे अध्यापक दुसरे काय सांगणार! यादी अशी झाली. अभियंता म्हणाला 'फीडस्टॉक'. फलकावर लिहिले होते 'सेंद्रिय घनकचरा'. गाडीवर होते 'ओला कचरा'. गाडीवानाने 'हॉटेलवेस्ट' म्हटले. निवडणाऱ्या बायकांनी एकमुखाने 'खरकटं' म्हटले. एक विद्यार्थिनी, जी वर्गात फारशी बोलत नाही, तिने वही मिटली आणि सांगितले, "सर, आमच्या घरी माल म्हणजे सुका. पुठ्ठा, बाटली, पत्रा. ओल्याला नाव नाही. ओलं म्हणजे माल खराब करणारं." तिची आई कचरा वेचते, हे आम्हाला त्या वेळी कळले. दोन वर्षे ती आमच्यासमोर बसत होती. 'बलुतं' तिने आमच्याकडे शिकले होते. आणि तिने नाकाला रुमाल लावला नव्हता, हेही आमच्या तेव्हाच ध्यानात आले.

परतीच्या बसमध्ये आम्ही त्या यादीविषयी बोलत राहिलो. ढीग एक, नावे पाच. आणि जिचा त्या ढिगाशी सर्वांत जुना संबंध, तिच्याकडे त्याला नावच नाही. त्यावरून जे सुचले ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवतो.

मराठीत ताटाभोवतीच्या अन्नाला शब्दांची कधीच वाण नव्हती. जे वाढलेच गेले नाही ते उरलेले. जे तोंडाला लागले ते उष्टे. जे भांड्याला, ताटाला चिकटून राहिले ते खरकटे. रात्र उलटली की शिळे, त्याहून पुढे गेले की आंबलेले, विटलेले, नासलेले. प्रत्येक शब्दामागे एक निर्णय आहे. उरलेले झाकून ठेवायचे, शिळे फोडणीला टाकायचे, खरकटे गुरांच्या घमेल्यात किंवा परसात, नासलेले उकिरड्यावर. उकिरडादेखील कचऱ्याची शेवटची जागा नव्हती. तेथून ते खत होऊन शेतात जायचे. कोणती वस्तू कोठे जाणार, हे तिच्या नावातच ठरलेले असे. घनकचरा व्यवस्थापनाच्या परिभाषेत ज्याला उगमस्थानी वर्गीकरण म्हणतात, ते आपण आधी भाषेत करत होतो.

यातला उष्टे हा शब्द सर्वांत गुंतागुंतीचा. संस्कृतातल्या 'उच्छिष्ट'वरून तो आला. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टावर एक संपूर्ण सूक्त आहे. यज्ञातून जे शेष राहते त्यात सारे विश्व सामावले आहे, अशी त्यातली कल्पना. देवापुढचे शेष प्रसाद होते. मूल पहिला घास घेते, त्या संस्काराला मराठी घरांत उष्टावण म्हणतात. गोपाळकाल्यात एकमेकांच्या तोंडचे खाण्याला भक्तीची प्रतिष्ठा आहे. आणि कंजूष माणूस उष्ट्या हाताने कावळाही हाकत नाही. न जाणो, हाताचे शीत कावळ्याला मिळायचे!

परंतु हा अर्धाच कोश झाला. उरलेला अर्धा आम्ही दरवर्षी शिकवतो. चोखोबांच्या जोहाराच्या अभंगांत उष्टे येते आणि तेथे ते प्रसादही असते व गावाने ठरवून दिलेला वाटाही. गावगाड्यात उष्टे-शिळे हे काहींचे वेतन होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपल्याला तिच्यानंतरचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. मात्र त्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी लोकांना मृत मांस आणि मागून आणलेले उष्टे अन्न टाकून देण्याचेही आवाहन केले होते. पाणी मिळवणे आणि उष्टे नाकारणे या एकाच लढ्याच्या दोन बाजू होत्या. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. दोन्हींत भूक आणि दुसऱ्याच्या दारचे अन्न यांचा हिशेब आहे. ओमप्रकाश वाल्मीकि यांनी १९९७ साली हिंदीत आपले आत्मकथन लिहिले, तेव्हा त्याचे नावच 'जूठन' ठेवले. जूठन म्हणजे उष्टे. वाल्मीकि नोकरीच्या निमित्ताने अंबरनाथ-चंद्रपुरात राहिले होते आणि मराठी दलित साहित्याशी त्यांची ओळख तेथेच झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शीर्षकाचे मराठीशी नाते आहे असे म्हणायला हरकत नाही. लग्नाच्या पंगतीतील पत्रावळी गोळा करायच्या, त्यांतले पुरीचे तुकडे वाळवायचे आणि पावसाळ्यात भिजवून खायचे, हे त्या पुस्तकातले वर्णन वाचताना आमचे विद्यार्थी खाली पाहतात.

या पार्श्वभूमीवर 'ओला कचरा' हा शब्द आला. तो वाईट शब्द नाही. २००० सालच्या नियमांनी नागरी घनकचऱ्याच्या वर्गीकरणाला कायद्याचा आधार दिला. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्ग घरातच करायला सांगितले. एखाद्या घंटागाडीवाल्याने चौथ्या मजल्याकडे पाहून 'खरकटे, उरलेले, साली वेगवेगळ्या द्या' असे ओरडावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. शिवाय या शब्दाला जात नाही, हा त्याचा मोठा गुण. उष्टे म्हटले की कोणाचे आणि कोणासाठी हा प्रश्न येतो. ओला कचरा कोणाचाच नसतो.

आमच्या मते नेमकी हीच त्याची अडचण आहे. ज्या शब्दाला धनी नाही, त्या शब्दाला लाजही नाही. चमचा न लागलेला भात, अर्धी खाल्लेली जिलबी आणि केळ्याची साल या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अन्न आहे, दुसरी कोणाची तरी चूक आहे, तिसरी फक्त साल आहे. हिरव्या बादलीत पडताच तिघींचे नाव एक होते आणि पहिल्या दोघी साळसूदपणे तिसरीच्या मागे लपतात. केळ्याची साल टाकताना ज्या निर्मळ मनाने आपण बादलीचे झाकण उघडतो, त्याच निर्मळ मनाने भातही टाकतो. बादली हिरवी, गाडी हिरवी, पुढे वीज आणि खत. मग बोच कसली?

आमच्याबरोबरच्या एका सहकाऱ्यांनी हाच युक्तिवाद केला आणि तो टाळता येण्याजोगा नाही. ते म्हणाले, "टाकलेल्या भाताचा दिवा होतो, तर त्याला वाया गेला का म्हणायचे? तुम्ही जुन्या अपराधभावनेला नव्या व्यवस्थेत जागा शोधता आहात." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हाच भात कचरा डेपोत गेला असता, ढिगाखाली हवेविना सडला असता, तर त्याचाही मिथेनच झाला असता. पण मोकळा सुटलेला. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक तापवणारा वायू आहे. आणि हवामानाचे मोजमाप दूर राहो, पुणेकरांना उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही नावे पुरेशी आहेत. शहराचे मिश्र खरकटे या गावांनी वर्षानुवर्षे सोसले. विहिरींचे पाणी गेले, माश्या आल्या, धूर आला. एप्रिल २०१७ मध्ये तेथे आग लागली आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहरातल्या चौकाचौकांत ढीग साचले आणि आपण उग्र वासाविषयी तक्रारी केल्या. अशा प्रकल्पांनी त्या गावांवरचा थोडा जरी भार कमी केला, तरी ते स्वागतार्ह आहेत.

आम्ही तर याहून एक पाऊल पुढे जाऊ. या टाकीने एक सामाजिक कामही केले आहे. शतकानुशतके उष्टे माणसांना दिले गेले. ते घेताना हात पसरावा लागे आणि देणाऱ्याला पुण्य लागे. टाकीला हात पसरावा लागत नाही. तिच्यासमोर आपण दाते नसतो. मोठ्या घरचे, झोपडीतले, शाकाहारी खानावळीचे आणि बिर्याणीच्या हंडीतले सारे तिच्यात एकत्र कालवले जाते आणि ती विटाळ मानत नाही. उष्टे माणसाला देण्यापेक्षा जीवाणूला देणे अधिक सभ्यपणाचे आहे, असे आम्ही पूर्ण गांभीर्याने म्हणतो. म्हणूनच 'उरले तर गरिबाला द्या' हा सरसकट उपदेशही आम्हाला तपासून घ्यावासा वाटतो. न वाढलेले, ताजे, झाकलेले अन्न वेळेवर कोणाच्या ताटात पोचवणे वेगळे आणि ताटातले उष्टे पिशवीत बांधून वॉचमनच्या हाती देणे वेगळे. उरलेले आणि उष्टे यांतला हा फरक मराठीला ठाऊक आहे. तो पुसला गेला की दयेच्या नावाखाली बलुते परत येते.

मात्र टाकीच्या अलीकडे ती फरशी आहे आणि फरशीवर चार बायका आहेत. सहकाऱ्यांच्या युक्तिवादात त्या नव्हत्या. जीवाणू विटाळ मानत नाहीत हे खरे, पण ते नाड्या कापत नाहीत. ओळखपत्र, काच, टाचणी, औषधाची पट्टी हे सगळे कोणाच्या तरी बोटांनी शोधावे लागते. ते हात कोणाचे, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. पंगतीत ज्याला 'उष्टी काढणे' म्हणत आणि जे काम यजमान कधी करत नसे, तेच काम पाच टनांच्या मापाने तेथे चालू आहे. आपण ताटातून टाकतो, तेव्हा टाकीला देत नाही. आधी त्या हातांना देतो.

या बाबतीत पुण्याच्या अलीकडच्या इतिहासातला एक प्रसंग आम्हा अध्यापकांना विशेष विचार करायला लावणारा आहे. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील कार्यकर्त्या प्रौढ शिक्षणाच्या कामासाठी कचरावेचक वस्त्यांत गेल्या. शिकवायला गेलेल्यांच्या लक्षात आले की, या बायकांचा पहिला प्रश्न बाराखडीचा नाही. खरकट्यात बुडालेला कागद निवडावा लागण्याचा आहे. कचरा घरातच वेगळा करून मिळाला तर हात स्वच्छ राहतील, मालाला भाव येईल. त्यातून बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे २००७ मध्ये कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. आज ओला-सुका वेगळा करण्याचा जो सल्ला आपल्याला शासकीय फलकावरून मिळतो, तो पुण्यात आधी कचरा वेचणाऱ्या बायकांची मागणी म्हणून पुढे आला होता. आमची विद्यार्थिनी 'ओलं म्हणजे माल खराब करणारं' असे म्हणाली, त्यात या साऱ्या चळवळीचा सारांश होता. आम्ही तो ऐकला, कारण त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिला शब्द विचारला होता. एरवी आम्ही तिला अर्थ सांगत असतो.

तर मग करायचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की, २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातला सुमारे ६० टक्के भाग उपाहारगृहांतला नव्हे, तर घरांतला. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोंचा आहे. इतक्या अन्नाला पुरतील एवढ्या टाक्या बांधता येतीलही. पण टाकीची भूक भागवणे हे आपल्या स्वयंपाकघरांचे उद्दिष्ट होऊ नये. शेतकऱ्याने पिकवलेला, पाण्याने वाढवलेला, गॅस जाळून शिजवलेला भात पुन्हा थोडा गॅस मिळावा म्हणून टाकीत घालणे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. नुकसान थोडे भरून निघते, एवढाच टाकीचा अर्थ. ती प्रायश्चित्त नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की बादलीतल्या वर्गीकरणाआधी जिभेवरचे वर्गीकरण परत आणावे. जे उरलेले आहे, ते अन्न आहे. ते माणसांचे आहे आणि त्याची सोय पंगत उठण्याआधी करायची असते. जे उष्टे आहे, ते ज्याचे त्याचे आहे. त्याची जबाबदारी खाणाऱ्याची आणि ती त्याने स्वतःच्या हाताने उचलायची. जे खरकटे आहे, साली-देठे आहेत, ते टाळता येण्याजोगे नाही. ते मातीचे आणि जीवाणूंचे. टाकीने न्याय्यपणे मागावे ते हे तिसरे. आज तिन्ही तिला मिळतात आणि तिन्हींचे नाव एक आहे. घरात निदान मुलांना 'कचऱ्यात टाक' असे न सांगता 'तुझे उष्टे आहे, तू संपव किंवा तू उचल' असे सांगावे. हा शब्द अपमानासाठी वापरला गेला, म्हणून तो टाकून देऊ नये. ज्यांना उष्टे घ्यावे लागले त्यांनी तो नाकारला, हे योग्यच झाले. ज्यांनी ते मागे ठेवले, त्यांना तो विसरण्याचा अधिकार नाही.

शब्द बदलल्याने ताट बदलते का, अशी शंका कोणी घेईल. आमच्याकडे त्याचे पुराव्यानिशी उत्तर नाही. एक लहानसा अनुभव आहे, तो सांगून थांबतो.

त्यानंतरच्या आमच्या चर्चासत्रात आम्ही ठरवले की, वाढपी मागितल्याशिवाय वाढणार नाहीत आणि प्रत्येकाने आपले ताट स्वतः उचलून, उष्टे एका पातेल्यात, बाकी दुसरीकडे, असे करायचे. ओळखपत्रे दाराशी परत घ्यायची. प्रमुख पाहुण्यांनाही आधी कळवले; ते किंचित हसले आणि त्यांनी ताट उचलले. पातेल्यापाशी रांग लागली. आपले उष्टे सर्वांदेखत ओतताना माणसे अवघडतात, हे आम्हाला तेव्हा कळले. दुपारच्या दुसऱ्या पंगतीत बहुतेकांनी मोजकेच वाढून घेतले. ती विद्यार्थिनी स्वयंसेवक म्हणून पातेल्याशी उभी राहायला आली होती. आम्ही तिला तेथून उठवले आणि आमच्यापैकी एकजण तेथे उभा राहिला.

सर्वांत अस्वस्थ झाले ते आमचे शिपाईमामा. पंचवीस वर्षे प्रत्येक कार्यक्रमाची उष्टी त्यांनी काढली होती. आम्ही ताट घेऊन निघालो की ते मधे येत. "सर, द्या इकडं. बरं दिसत नाही." आम्ही नको म्हटले. तरी ते पातेल्यापर्यंत आमच्या मागे मागे, हात पुढे करून चालत आले.